पावण्यांची बोली

गुलालाचं ताट जयसिंगानं तालमीतल्या कुस्तीच्या हौद्याच्या कठड्यावर ठेवलं आणि पहिला हात स्वतःचाच त्यात बुडवला. मागोमाग एकेक जण पुढं येऊ लागला. कुणी रिक्षावाला, कुणी नळजोडणीवाला, कुणी कागलच्या एमआयडीसीतली पाळी टाकून आलेला. जोतिबाचा गुलाल हातात धरून खोटं बोलायचं नसतं, हे चिंचबाग गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

“म्हणा,” जयसिंग म्हणाला. “लिलावात तालमीच्या मैदानावर कुणी बोली लावायची न्हाय. आपून न्हाय, आपल्या पावण्यारावळ्यानं न्हाय.”

सगळ्यांनी म्हटलं. जुन्या भिंतींत आवाज घुमला आणि जयसिंगाच्या अंगावर काटा आला. पंधरा वर्षं तालमीचा अध्यक्ष होता तो, पण तालीम इतकी एकजीव त्यानं फुटबॉलच्या फायनलच्या दिवशीही पाहिली नव्हती.

“आन् दुसऱ्या पेठंचा कोण आला तर?” मागून कुणीतरी विचारलं.

“येत न्हाईत,” बाळासो म्हणाला. “मी जाऊन आलोय सगळ्या तालमींत. खेळात आपलं नरडं धरतील, पर तालमीच्या जागंवर बोली लावणार न्हाईत. शब्द दिलाय.”

“मग ऱ्हायला बाहेरचा.”

“त्याला गल्लीच्या तोंडालाच बघू.”

हे सगळं झालं ते गॅलरीपायी. अठ्ठ्याण्णव साली तालमीच्या संघानं लागोपाठ दोन स्पर्धा मारल्या आणि थोरामोठ्यांची डोकी फिरली. बाकीची शहरं क्रिकेटनं वेडी होतात. कोल्हापुरात फुटबॉल अकरा जण खेळतात आणि घाम अख्ख्या पेठेला फुटतो. तालमीला फार पूर्वी कुणी दानशूरानं दिलेलं मैदान होतंच. त्यावर गॅलरी बांधायची, सामन्यांना तिकीट लावायचं, गॅलरीखाली दुकानगाळे काढायचे आणि तिकिटाच्या न् भाड्याच्या पैशात कर्जाचे हप्ते फेडायचे. कागदावर हिशोब कसा लोण्यासारखा होता. शहरातल्या मोठ्या बँकेच्या साहेबानं मात्र विचारलं, ‘सामनेच झाले नाहीत तर?’ असला अभद्र प्रश्न विचारणाऱ्याच्या दारात पुन्हा कोण जातो. गल्लीची स्वतःची पतसंस्था होती की. मैदान तिलाच तारण दिलं.

पतसंस्थेचा चेअरमन बाळासो. तो संघाचा जुना गोलकीपर, आणि त्याच्यापुढं बचावाला जयसिंग. कर्ज देणारा आणि घेणारा एकाच बाकावर बसून एकाच कपातला चहा बशीत वाटून पिणारे. त्यात पैसा कुणाचा, तर गल्लीचाच. भाजीवाली चिमणाबाई रोज पिग्मी भरायची, पेन्शनवाले ठेवी ठेवायचे. या खिशातला पैसा त्या खिशात, त्याला काय कर्ज म्हणायचं, असंच सगळ्यांना वाटलं. कर्जाला जामीन लागले तेव्हा सह्या करायला रांग लागली होती, कारण तालमीला नाही म्हणायची रीत नव्हती.

मग एका सामन्यात दगडफेक झाली आणि परवानग्या बंद झाल्या. मैदानावर सामने नाहीत म्हणजे तिकीट नाही. गाळे तालमीच्याच पोरांनी घेतले, आणि तालमीच्या पोरांकडं भाडं मागायचं कुणी? हप्ते थकले. बाळासोनं नोटीस काढली नाही. ज्याच्या बशीतला चहा प्यायचा त्याला नोटीस काय काढायची. उलट व्याज भरायला आणखी कर्ज दिलं. आपलेच दात, आपलेच ओठ. गॅलरी एका बाजूची झाली, तीही अर्धी, आणि वरच्या पायरीतनं निघालेल्या लोखंडी सळ्या पावसात गंजत राहिल्या. शेवटी एके सकाळी पतसंस्थेचं शटर वर गेलंच नाही. सरकारनं प्रशासक नेमला, आणि त्यानं मैदानाचा लिलाव पुकारला.

पहिल्या लिलावाला बाहेरगावचा एक जण खरंच आला. पुरी किंमत द्यायची तयारी ठेवून आला होता म्हणे. कोपऱ्यावरच पोरांनी त्याच्या गाडीच्या चारी चाकांतली हवा सोडली आणि मोठ्या अदबीनं त्याला स्टँडची वाट दाखवली. आत पतसंस्थेच्या हॉलमध्ये प्रशासकानं तीनदा पुकारा केला. पंख्याशिवाय काही हललं नाही. मग गॅलरीवर फटाक्यांच्या माळा लागल्या. पोरांनी जयसिंगाला खांद्यावर घेऊन गुलाल उधळत मैदानाला फेरी मारली.

त्याच गुलालानं माखलेल्या अंगानं तो संध्याकाळी आक्काताईच्या दारात गेला. आक्काताई त्याची थोरली बहीण. तिचा नवरा बिद्रीच्या साखर कारखान्यात होता. तो आजारपणात गेला, तेव्हा कारखान्याकडून मिळालेला पैसा घेऊन ती मोठ्या बँकेत निघाली होती. रिक्षा दारात उभी होती. जयसिंगानं ती परत लावून दिली होती. ‘आपली पतसंस्था असताना बाहेर कशाला जातीस, आक्का? व्याज बी जास्त हाय.’ तेव्हापासून ती लोकांच्या घरी कांदा-लसूण चटणी करून देत होती आणि ठेवीला हात लावत नव्हती. ठेव लेकीसाठी, मनालीसाठी होती. मनालीच्या हृदयाची झडप खराब होती. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की, ही थंडी संपायच्या आत ऑपरेशन झालं पाहिजे.

आक्काताई परातीत मिरच्यांची देठं मोडत होती. आत मनाली भिंतीला तीन उशा लावून बसली होती. आडवं झालं की तिला दम लागायचा, म्हणून ती बसूनच झोपायची.

“जिंकलासा म्हणं,” आक्काताई मान वर न करता म्हणाली.

“व्हय.”

“कुणाला हरवलासा?”

जयसिंग हसायला गेला आणि हसू अर्ध्यात राहिलं. आक्काताईनं देठ मोडलं, मिरची एका बाजूला टाकली, दुसरी उचलली. आतून मनालीचा खोकला ऐकू आला. तो सुरू झाला की लवकर थांबायचा नाही. जयसिंग तो थांबेपर्यंत उंबऱ्यावर उभा राहिला आणि मग पाणीसुद्धा न मागता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो प्रशासकाच्या टेबलापुढं होता. साहेब चाळिशीचा, सभ्य माणूस होता, आणि पुरता कंटाळलेला.

“जागा विकली गेली तर आजारपणाचे अर्ज मी सगळ्यांत आधी काढीन,” तो म्हणाला. “नाही विकली, तर माझ्याकडं वाटायला काय आहे? ही टेबलं आणि हा पंखा.”

“पुढच्या लिलावाला जाईल की, साहेब.”

“जाईल. पण पहिल्यांदा कुणी आलं नाही, म्हणून किंमत निम्मी केली आहे. ठेवीदाराला रुपयामागं आठ आणे हातात पडले तरी नशीब म्हणायचं.”

जयसिंगानं खिसे चाचपायचं कारण नव्हतं. त्याचं घर जामिनापोटी कधीच अडकलं होतं, आणि उसनं मागायचं तर ज्यांच्याकडं मागायचं त्यांचेही पैसे याच शटरमागं होते. तो तडक तालमीपुढच्या बाकावर गेला. बाळासो एकटाच बसला होता.

“बाळासो, येकदा सगळ्यांस्नी बोलावून बोलूया काय? मनालीचं…”

“मला ठावं हाय मनालीचं,” बाळासो म्हणाला. “गुलाल उचललाय, अध्यक्ष. तूच उचलायला लावलास. आता कुठल्या तोंडानं सोडा म्हणायचं? पतसंस्था बुडवली म्हणून लोकं मला थुकत्यात. मैदान तेवढं ऱ्हायलंय दाखवायला.”

जयसिंगाला राग आला, पण तो कुणावर काढावा हे कळेना. बाळासो ज्या शब्दाला धरून बसला होता, तो जयसिंगाचाच होता.

दुसरा लिलाव डिसेंबरात लागला. सकाळपासून पोरं गल्लीच्या तोंडाला उभी होती. बाळासोही होता. जयसिंग बाकावर बसून होता. चहा आला, गार झाला, त्यावर साय धरली. त्याला मनातून वाटत होतं, कुणी येऊच नये. आणि कुणीतरी यावं, असंही वाटत होतं. दोन्ही एकाच छातीत मावत नव्हतं.

अकराच्या सुमाराला एक पांढरी जीप आली. चालवणारा पन्नाशीचा, अंगानं भरलेला गृहस्थ, शेजारच्या सीटवर कातडी बॅग. पोरांनी बोनेटवर हात टेकले.

“पावणं, कुणीकडं?”

“लिलाव आहे ना इथं? पतसंस्थेत?”

“पावणं, गाडी वळवा.”

कोल्हापुरात अनोळखी माणूस म्हणजे पावणं. पत्ता विचारणारा पावणं, एसटीत जागा मागणारा पावणं, आणि ज्याला हाकलायचं तोही पावणंच. गृहस्थानं काच खाली घेतली. काहीतरी समजावू लागला. एक पोरगा वाकून चाकाच्या व्हॉल्व्हपाशी बसला.

जयसिंग उठला. गुडघ्याच्या जुन्या दुखापतीमुळं तो जरा लंगडत चालायचा, तसाच चालत जीपपाशी आला आणि वाकलेल्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला.

“ऊठ. माझं पावणं हायत.”

शब्द तोच होता, पुढं फक्त ‘माझं’ लागलं होतं. पण बोनेटवरचे हात एकेक करून निघाले. कुणाच्या घरी निघालेल्या पाहुण्याला वाटेत अडवायचं नाही, मग तो वैऱ्याचा का असेना, हेही त्या गल्लीत कुणाला शिकवावं लागलं नव्हतं. पोरं बाळासोकडं बघू लागली.

बाळासो पुढं आला.

“तुझं पावणं?”

“व्हय.”

“कंच्या गावचं?”

जयसिंगानं जीपमधल्या माणसाकडं पाहिलं. त्या माणसाचं नाव त्याला ठाऊक नव्हतं, गाव ठाऊक नव्हतं, जात-गोत काही ठाऊक नव्हतं. घामानं चष्मा खाली घसरलेला एक माणूस, एवढंच. तो माणूस काही बोलायला गेला, तर जयसिंगानं हातानंच त्याला थांबवलं. खोटं गाव सांगावं, असं जयसिंगाच्या जिभेवर आलं होतं. ते त्याच्यानं सांगवलं नाही.

बाळासो त्याच्या डोळ्यांत बघत होता. पेनल्टी मारणाऱ्याच्या डोळ्यांत तो असाच बघायचा. पायाकडं कधी बघायचा नाही.

“पावण्यारावळ्यानंबी न्हाय, असं तूच म्हणालतास,” तो हळू आवाजात म्हणाला.

“म्हणालतो.”

“मग?”

“मग काय. मी उचलला हुता, मीच मोडतोय. तुमच्यावर पाप येत न्हाय.”

बाळासोनं मान खाली घातली. मग तो बाजूला झाला आणि पोरांना म्हणाला, “वाट सोडा रं. अध्यक्षांचं पावणं हायत.” जीप हलली तेव्हा तो जयसिंगाला एवढंच म्हणाला, “पाणी तरी दे त्यास्नी. उन्हातनं आल्यात.”

हॉलमध्ये बोली एकच लागली. त्या गृहस्थाला गोदाम काढायचं होतं. प्रशासकानं तीनदा पुकारलं, टेबलावर हात आपटला आणि मैदान गेलं. पाण्याचा रिकामा पेला हातात घेऊन जयसिंग भिंतीशी उभा होता. गृहस्थ जाताना त्याचे हात हातात घेऊन म्हणाला, “तुमचे उपकार झाले. आपलं नाव काय?” जयसिंगानं ऐकलं नाही असं केलं.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हाही त्यानं गल्लीची वाट टाळली. मागच्या बोळानं आक्काताईकडं आला. चुलीपुढं दोन ताटं वाढायला घेतलेली होती.

“एकटाच? पावणं कुठं हायत?” आक्काताईनं विचारलं.

“गेलं.”

“पावणं आलं आन् जेवल्याबिगर लावून दिलंस?”

तिच्या आवाजात थट्टा होती की काय होतं, जयसिंगाला उमगेना. तो ताटावर बसला. तिनं भाकरी वाढली, आमटी वाढली, आणि दुसरं ताट तसंच राहू दिलं.

“आक्का, निम्मंच मिळायचं,” तो म्हणाला. “पहिल्या लिलावाला जो आलता, त्यो पुरी किंमत देणार हुता. त्याला आम्हीच परत लावला. आता निम्मं.”

आक्काताईचा हात आमटीच्या पळीवर थांबला.

“निम्म्यात बसिवत्यात व्हय झडप?” तिनं विचारलं.

आतून मनालीचा आवाज आला, शब्दाशब्दाला थांबत.

“मामा… मैदान गेलं?”

“गेलं, बाळ.”

“मग पोरं… कुठं खेळायची?”

“तू बोलू नगंस,” आक्काताई म्हणाली. “दम लागंल.”

ताटाला नमस्कार करून तो उठला, हात धुतले आणि पुढच्या दारानं बाहेर आला. किती दिवस बोळानं फिरणार. गल्लीतले दिवे लागले होते. तालमीपुढचा बाक भरलेला होता. त्याला बघून गप्पा थांबल्या नाहीत, पण कुणी सरकूनही बसलं नाही. बाळासो टोकाला बसला होता आणि बशीतल्या चहात बघत होता.

तेवढ्यात मागून मोटरसायकल आली. चालवणारा जोतीराम, संघाचा सेंटर फॉरवर्ड. पहिले बूट त्याला जयसिंगानंच आणून दिले होते, आणि कळायला लागल्यापासून तो जयसिंगाला दादा म्हणायचा. वाट अरुंद होती. त्यानं दोनदा हॉर्न दिला, गाडीचा वेग कमी केला आणि कुणा परगावच्या माणसाला म्हणावं तसं, अगदी साध्या आवाजात म्हणाला,

“पावणं, जरा बाजूला व्हा.”

जयसिंग बाजूला झाला.