कायमचे स्थलांतरित

मतदार यादीतून नाव उडालं म्हणून कुणी बारा तासांचा प्रवास करतं का? राजेंद्र बन्सी हिवराळे यानं केला. दोन वर्षं ज्या माणसाला आईला भेटायला सुट्टी मिळत नव्हती, त्याला ती एका सकाळी अर्ध्या तासात मिळाली. मागितली की मिळते, पण हे त्याला सांगणार कोण?

तेवीस वर्षांपूर्वी तो उस्मानपुऱ्यातलं घर सोडून गुजरातेत अंकलेश्वरला गेला, एका केमिकल कारखान्यात फिटर म्हणून. दोन वर्षांसाठी गेला होता. मग मुलं शाळेत गेली, मग बढती झाली, मग मुलांची दहावी आणि बारावी आली, आणि ती दोन वर्षं काही केल्या संपेनात. पण 'आपण परत जाणार' हे पालुपद त्यानं सोडलं नाही. तिथं घर घेतलं नाही, रेशनकार्ड काढलं नाही, मतदार यादीत नाव घातलं नाही. भाड्याच्या दोन खोल्यांत राहून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, की आमचं घर औरंगाबादला आहे. शहराचं नाव बदललं तरी त्याच्या तोंडी जुनंच राहिलं होतं. बायको, सरिता, वैतागून म्हणायची, की तेवीस वर्षं आपण चपला न काढता बसलोय.

नाव उडाल्याची बातमी दिली पुंडलिकनं. हा त्याचा शाळेतला सोबती. गल्लीतल्या भानगडी फोटोसकट पाठवायची त्याला भारी हौस. यंदा घरोघर जाऊन मतदार याद्या तपासण्याचं काम निघालं होतं, आणि वगळलेल्या नावांची यादी, हरकतींच्या सुनावणीच्या तारखेसकट, शाळेच्या भिंतीवर लागली होती. त्यात राजेंद्रचं नाव, पुढं कारण, 'कायमचे स्थलांतरित', आणि खाली ज्यांनी तपासणी केली त्यांचं नाव, सुलेखा बन्सी हिवराळे.

म्हणजे त्याची सख्खी धाकटी बहीण. ती अंगणवाडी सेविका होती, आणि याद्यांचं असलं उन्हातान्हाचं काम सरकार अशा बायांच्याच गळ्यात बांधतं. आजवर प्रत्येक तपासणीत तिनं भावाला घरी राहतो म्हणून दाखवलं होतं. यंदा दाखवलं नाही.

राजेंद्रच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते नाव म्हणजे त्याच्या परतीचा एकमेव पुरावा होता. ते गेलं तर तो उस्मानपुऱ्याचा राहत नव्हता, आणि अंकलेश्वरचा तर तो कधी झालाच नव्हता. बहिणीनं असं का करावं याचं उत्तरही त्याला बसमध्ये लगेच सापडलं. वरची खोली. बारा वर्षांपूर्वी त्यानं परतल्यावर राहायला म्हणून माडीवर पत्र्याची खोली बांधली होती, आणि ती तेव्हापासून कुलूपबंद होती. सुलेखा लग्नानंतर चार वर्षांतच माहेरी परत आलेली. का आली, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं, पण तिला खोली हवी असणार हे मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं.

सकाळी आठला तो उतरला आणि रिक्षात बसला. क्रांती चौकाच्या पुढं त्यानं ऐटीत डावीकडचा रस्ता सांगितला. रिक्षावाल्यानं आरशातून त्याला पाहिलं. "वो रस्ता तो कबका बंद हो गया, भाई. नये हो क्या?" राजेंद्रनं त्याला चांगलंच झापलं, आणि रिक्षावाल्यानं रिक्षा आपल्याच रस्त्यानं नेली.

गल्लीत मोटारींचा घरघराट चालला होता. नळ आला होता. आठ दिवसांनी नळ येतो त्या दिवशी दारात वरात आली तरी तिथली माणसं आधी ड्रम भरतात. सुलेखा पदर खोचून पाइप या ड्रममधून त्या ड्रममध्ये घालत होती. आई, मुक्ताबाई, दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून कुठला ड्रम किती भरला यावर नजर ठेवून होती. शेजारी तिचा वॉकर उभा. राजेंद्रनं बॅग टेकवली, आईच्या पाया पडला, आणि सुलेखाच्या हातातून पाइप घेऊन पाय धुतले. मग तोंड धुतलं. मग पुन्हा पाय धुतले, अगदी निवांत, पाणी गटाराकडं वाहत असताना. समोरच्या दारातली बाई हातातली कळशी तशीच धरून त्याच्याकडं बघत राहिली.

मुक्ताबाई म्हणाली, "पाहुण्याला बादली दे गं."

तो हसला. त्याला ती थट्टा वाटली.

बोलायचं आहे, असं त्यानं सुलेखाला सांगितलं. नळ जाऊ दे, ती म्हणाली. पाऊण तास तो कपबशीतला चहा समोर घेऊन बसला. बारा तास जुळवून आणलेली भाषणं त्या पाऊण तासात तो निम्मी विसरला, आणि त्याचाही राग त्यानं बहिणीवरच धरला.

नळ गेला तसा त्यानं तोंड उघडलं. आपलं नाव कुणी काढलं, कुणाला विचारून काढलं, मोठा भाऊ जिवंत असताना त्याला घरातून बाहेर काढणारी तू कोण, असं सगळं त्यानं ऐकवलं. गल्लीत ऐकू जाईल इतक्या आवाजात ऐकवलं. तो इथला मतदार आहे, त्याचा बाप इथला मतदार होता, बापानं कधी मत चुकवलं नाही, आणि बाबासाहेबांनी दिलेला हक्क काढून घ्यायचा अधिकार अंगणवाडीच्या बाईला कुणी दिला, असंही म्हणाला. गेल्या दोन निवडणुकांना तो स्वतः आलाच नव्हता, हे त्या भाषणात नव्हतं.

सुलेखा ओल्या फरशीवर फडकं फिरवत होती. खाली तिचंच नाव आहे, म्हणजे तिनंच काढलं, एवढंच ती म्हणाली.

"खोलीसाठी केलंस ना?"

ती उठली. खिळ्यावरची किल्ली काढून तिनं त्याच्या मांडीवर टाकली. "जा. बघून ये."

तो जिना चढून गेला. कुलूप गंजलं होतं, बराच वेळ झटापट करून निघालं. आत त्यानं घेतलेला पलंग, त्यावरचं दुकानातलं प्लॅस्टिक अजून तसंच. पंखा खोक्यातच. भिंतीवर गेल्याच्या गेल्या वर्षीचं कॅलेंडर, जूनच्या पानावर थांबलेलं. मुक्ताबाई दर महिन्याला वर जाऊन पान उलटायची, आणि त्या जूनमध्ये तिचा पाय मोडला. कुणी तिथं राहिल्याची, झोपल्याची, काही ठेवल्याची खूण नव्हती. आपलं चुकलं असं एखाद्याला वाटलं असतं. राजेंद्रला वाटलं, की भांडायला घेतलेलं कारणच हातातून गेलं, आणि तो आणखी तापून खाली आला.

खोली नसेल तर मग काय, त्यानं विचारलं. आपण हिचं काय घोडं मारलं?

तेव्हा सुलेखानं फडकं बादलीत टाकलं. आवाज चढवला नाही. ती अशी बोलायला लागली, की समोरच्या दारातली बाई आत निघून गेली.

"माय दवाखान्यात होती तवा तू फोनवर काय म्हणलास? निघालो. डॉक्टर म्हणत होता, लगेच ऑपरेशन करू, सही करा. माय म्हणली, राजू निघालाय, तो आल्याबिगर नाय. दीड दिवस थांबलो आम्ही. डॉक्टर मला शिव्या द्यायचा राहिला होता. शेवटी मी केली सही. आता पाय वाकडा बसलाय तो तसाच राहणार. तू कुठवर आला होता, दादा?"

तो कुठवरही आला नव्हता. बॅग भरली होती, एवढंच खरं. कारखान्यात तेव्हा मोठं काम निघालं होतं, आणि 'निघालो' म्हटलं की निम्मं पोहोचल्यासारखं वाटतं, तसं त्याला वाटलं होतं. हे बहिणीला सांगण्यासारखं नव्हतं. आणि ज्या माणसाकडं उत्तर नसतं तो धमकी देतो. राजेंद्रनंही दिली. उद्या अकराला सुनावणी आहे, तो म्हणाला, मी साहेबापुढं लेखी देतो, की या बाईनं घरच्या भांडणातून सरकारी कागदावर खोटी नोंद केली. नोकरी राहते का बघू.

त्या नोकरीवर ते घर चालत होतं. सुलेखा पहिल्यांदाच घाबरली. ती पटकन आईकडं बघून मान हलवायला लागली, नको, नको, अशी. पण मुक्ताबाई वॉकर धरून उभी राहिली होती.

"तिची नोकरी कशाला खातो? सही माझी हाय."

सुलेखा म्हणाली, राहू दे माय. मुक्ताबाईनं ऐकलं नाही. तिनं सुलेखाला पिशवीतून कागदाची प्रत काढायला लावली आणि राजेंद्रपुढं धरायला लावली. घरातल्या माणसाचा जबाब, असं वर छापलेलं. खाली सही. एकेक अक्षर सुटं काढलेलं, आणि सगळ्यांवरून शेवटी पट्टीनं ओढलेली रेघ. मुक्ताबाई पन्नाशीत विहारातल्या बायकांच्या वर्गात अक्षरं शिकली होती, आणि त्यानंतर तिनं कुठल्याही कागदावर अंगठा लावला नव्हता. ही सही करायला तिला पाच मिनिटं लागत. घाईत किंवा फसवून ती कुणालाच घेता आली नसती.

तरी तो म्हणाला, की हिनं तुझ्याकडून करून घेतली.

"तिनं तीनदा विचारलं मला," मुक्ताबाई म्हणाली. "लेक म्हणून नाय, कामावरची बाई म्हणून. हा माणूस इथं राहतो का? मी म्हणलं, नाय. परत विचारलं, मी म्हणलं, नाय. तिसऱ्यांदा विचारताना रडायलीच होती. तुला सांगू नको म्हणून मीच बजावलं होतं तिला. म्हणलं, तुझ्यावर घे."

राजेंद्र आईच्या खुर्चीजवळ खाली बसला. त्याचा आवाज आता लहान मुलासारखा झाला होता. "मी येणारच होतो, माय."

"मग ये." मुक्ताबाई सुलेखाकडं वळली. "नाव घालायचा अर्ज असतो ना, तो दे त्याला. त्यात घरच्या माणसाची सही लागती. मी करते. उद्या साहेबाला दोघं जाऊन देऊ."

सुलेखानं अर्ज दिला, पेन दिलं, खाली धरायला पाटी दिली. राजेंद्रनं पूर्ण नाव लिहिलं. वडिलांचं नाव लिहिलं. घर नंबर, गल्ली, उस्मानपुरा, सगळं लिहिलं. पुढं छापलं होतं, की या पत्त्यावर आपण कधीपासून राहता. तिथं पेन थांबलं. धाकट्याचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. स्वतःच्या निवृत्तीला सात वर्षं होती. सरिता इकडं येऊन काय करणार होती? हे सगळं खरं होतं, आणि यातलं काहीही नवीन नव्हतं. आई आणि बहीण दोघी पेनाच्या टोकाकडं बघत होत्या. आजची तारीख टाकायची, एवढंच तर होतं.

"दिवाळीनंतर बघतो," तो म्हणाला. "आत्ता तिकडं जरा..."

मुक्ताबाईनं त्याच्या हातातून पेन काढून घेतलं आणि टोपण लावलं. ती रागावली नव्हती. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"त्या जबाबाच्या कागदावर तीन चौकोन होते, राजू. सुलेखानं वाचून दाखवले. पहिला, गैरहजर. म्हंजी आज नाय, पण येतो-जातो. दुसरा, कायमचा गेलेला. तिसरा, मयत. कुठं खूण करू, तिनं विचारलं." मुक्ताबाईनं पेन सुलेखाकडं दिलं. "मी लई वेळ तिसऱ्यावर बोट ठेवून बसले होते. माय हाय ना मी, म्हणून दुसऱ्यावर सरकवलं."

सुलेखानं अर्धवट भरलेला अर्ज उचलून पिशवीत ठेवला आणि ड्रमांवर झाकणं घालायला गेली.

संध्याकाळी स्टँडवर बसची वाट बघताना त्यानं सरिताला फोन लावला. झालं का काम, तिनं विचारलं. झालं, तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, की तिकडच्या यादीत नाव घालायला राहत असल्याचा पुरावा म्हणून लाइटबिल चालतं का, आणि आपलं बिल कुणाच्या नावावर आहे.

"घरमालकाच्या," सरिता म्हणाली.