पंचांसाठी सतरंजी

व्याज हराम मानणाऱ्या वसमतच्या एका संस्थेनं देवला राठोडला हळद शिजवायचा कुकर हप्त्यांवर विकला. करारातलं एकच कलम त्याला मनापासून पटलं होतं. भांडण झालं तर कोर्ट नाही, पंच. आणि पंचांचा शब्द शेवटचा. हे तर आपल्या बंजारा तांड्यासारखंच, म्हणून त्यानं खुशीनं सही ठोकली.

पहिल्याच हंगामात कुकरचा तळ फाटला. संस्था ऐकेना, तेव्हा देवलानं पंच मागितले. तांड्यात पंच वस्तूपाशी येतात, म्हणून त्यानं कुकर अंगणात मांडला, शेजारी सतरंजी अंथरली. पण संस्थेचे पंच बसायचे हैदराबादला; तिथून फोन आला, सुनावणीला इकडं या.

"तुमीच या, साहेब. कुकर हितं हाय," तो हसत म्हणाला.

कोण येतंय! सतरंजीवर कुत्रं तेवढं लोळून गेलं. शेवटी तांड्यातले तंटे सोडवणाऱ्या नायकाला घेऊन देवला संस्थेत गेला.

"पंच बसले बी अन् उठले बी," कारकून म्हणाला. "निकाल संस्थेच्या बाजूनं लागला."

"कुकर न बघताच?"

"तुमी हैदराबादला गेले काहून न्हाई?"

बाहेर येऊन देवलानं नायकाला विचारलं, "आता कोर्टात जाऊ?"

नायकानं जन्मभर सगळ्यांना दिलेलं उत्तरच दिलं, "पंचांच्या वर कोण असतं रे?"