भैय्याजींची कानस

मित्रांनो, कडेला कानशीचे ओरखडे आणि पाठीवर हातोडीचा घाव घेऊन पडलेले मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे. संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटवणे हे माझे काम होते.

१९९८ साली माझा जन्म झाला. नागपुरात पाच वर्षे मी राबलो, कौतुकही झाले. मग नवी कार्डे आली आणि मला एका दुकानातल्या जुन्या मालाच्या डब्यात टाकले. तिथून मला कारंजा गावच्या भैय्याजींनी विकत घेतले. हमरस्त्यावर त्यांचे ट्रक दुरुस्तीचे गॅरेज होते. मुलगी रक्षा डिप्लोमासाठी घरच्या संगणकावर पुलाचा नमुना रेखाटत होती, पण तो पडद्यावर अडकत होता. सोमवारी तो दाखवला नाही, तर तिचे वर्ष बुडणार होते. भैय्याजींनी मला प्रेमानेच आणले, पण तिला न विचारता आणले.

रक्षाने मला संगणकातल्या मुख्य बोर्डावरच्या जागेजवळ धरून पाहिले.

"बाबा, खाच जुळून नाई राह्यली. कार्ड जुनं हाय, याले वीज जास्त लागते. बोर्ड जळून जाईन. परत करा."

"बसत नाई म्हंजे? ट्रकचे पुर्जे घासून बसवतो मी. हे काय चीज हाय?"

त्यांच्या गॅरेजात न बसणारा भाग कधी परत गेलाच नव्हता. त्यांनी मला शिकंज्यात आवळले आणि कानस चालवली. माझी कड तुटली, तांब्याचा भुगा उडाला. मला तोंड असते तर मी किंचाळलो असतो. रक्षाने त्यांचा हात धरला, तेव्हा त्यांनी तिच्या थोबाडीत मारली. तिचा ओठ फुटला. मग दोन्ही अंगठ्यांनी त्यांनी मला आत दाबले आणि बटण चालू केले.

ठिणगी उडाली. बोर्ड जळाले, त्यासोबत डिस्कही गेली आणि तिच्यातला पूलही. संतापलेल्या भैय्याजींनी मला उपटून हातोडी घातली. त्या माणसाचा मला आजही राग येतो.

दुसरा घाव पडण्याआधी रक्षा मध्ये उभी राहिली. ओठावरचे रक्तही तिने पुसले नव्हते.

"मीबी आता तुमचं आयकून नाई राह्यली, बाबा. मले कुठून घासता?"

हातोडी खाली आली, पण कुणावर पडली नाही. भैय्याजी खाली बसले. रक्षा मला उचलून वर्ध्याला मावशीकडे निघून गेली. तिचे ते वर्ष बुडाले.

मित्रांनो, कार्ड घेण्याआधी आपल्या बोर्डाची खाच पाहा. आणि "हे बसत नाही" असे घरातले कुणी सांगत असेल, तर आधी हातातली कानस खाली ठेवा.