खिळ्यावर टांगलेला उजवा बूट

मी एक जुना बूट आहे, फुटबॉलचा, उजव्या पायाचा. ऑस्ट्रियातल्या मूर नदीकाठच्या आमच्या गावात, मैदानाशेजारी खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोलीत, दाराजवळच्या खिळ्याला मी लटकतो.

मित्रांनो, माझा मालक गेर्नोट मधल्या फळीत खेळायचा. गोल दुसऱ्यांच्या नावावर लागत, पण त्याआधीचा पास बहुतेक वेळा माझ्याच टोकाने दिलेला असे. थेट व्हिएन्नाच्या मोठ्या संघापर्यंत तो पोचला. मी भिजलो की माझ्या पोटात वर्तमानपत्रं कोंबत, सुकलो की चरबी चोळत. त्याच्या सुजलेल्या गुडघ्यात मात्र फक्त दुखणं दाबायच्या सुया टोचत.

"गेर्नोट, अजून थोडं ओढ रे!" सगळे म्हणत. तो ओढायचा. एका रविवारी गोलाचा पास देऊन तो तिथेच कोसळला. डॉक्टरांनी माझी लेस कापून मला त्याच्या पायातून काढलं. गावाने मला वाजतगाजत इथे टांगलं. तेव्हापासून मुलं मैदानात उतरताना शकुन म्हणून मला हात लावतात. कसला शकुन, ते मला अजून कळलेलं नाही.

गेर्नोट लंगडत गावी परतला आणि मुलांना शिकवू लागला. सेव्हेरिन त्यांतला सगळ्यांत गुणी. त्या वसंतात ग्राझ शहरातल्या फुटबॉल अकादमीचे लोक लागोपाठ दोन रविवार खेळाडू निवडायला येणार होते. नेमका तेव्हाच सेव्हेरिनचा गुडघा सुजला. पहिल्या रविवारी गेर्नोटने त्याला बाहेर बसवलं.

सामना संपताच सेव्हेरिनचे वडील, खाटीक अल्बिन, बिअरचा ग्लास हातात घेऊन आत घुसले.

"माझ्या पोराचं नशीब बसवून ठेवलंस तू!"

"अल्बिन, गुडघा बघ त्याचा. भोपळा झालाय."

"आणि तुझा काय काकडी होता? तू खेळलासच ना? तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या!"

"हो. दवाखान्यात मात्र एकजण फिरकला नाही."

"बाबा, खरंच दुखतंय," सेव्हेरिन हळूच म्हणाला.

"तू गप्प बस!"

संघाचे गणवेश अल्बिनच्या पैशातून येत. आठवड्याच्या आत गेर्नोटला काढून टाकलं. पुढच्या रविवारी सेव्हेरिनला गोळी दिली, पट्टी आवळली. मला हात लावून तो उतरला. मी खिळ्यावरून उडी तरी कशी मारणार? उत्तरार्धात तो किंचाळला, तेवढं मला ऐकू आलं.

अकादमीने दुसऱ्याच मुलाला निवडलं.

मित्रांनो, दुखत असेल तर तसं सांगा. दुसरा कुणी सांगत असेल तर त्याचं ऐका. कुंपणापलीकडून "भित्रा" म्हणून ओरडणारी माणसं सामना संपला की आपापल्या घरी जेवायला जातात. कुबड्या घेऊन जिना चढायची वेळ येते, तेव्हा हात द्यायला त्यांच्यातलं कुणीही उभं नसतं.