रस्त्याकडची पट्टी

"पाणी सोडा, भाऊजी. मुक्या जनावरांवर कसला राग काढताय?"

"जनावरांवर नाही, तुमच्यावर राग आहे. संमतीची सही करा, आत्ता चावी फिरवतो."

थोरलीने रिकामी बादली आपटली. दावणीच्या म्हशी कालपासून कोरड्या हौदाकडे माना वळवून रेकत होत्या. सकाळच्या धारेला दूध निम्म्यावर आलं होतं. हौदाला पाणी यायचं मागच्या शेतातल्या विहिरीवरून, आणि ते शेत कसत होता हा धाकटा दीर. थोरलीचा गोठा रस्त्याकडच्या खडकाळ पट्टीत. नवरा गेल्यावरही ती तिथून हलली नव्हती.

शहर वाढत वाढत तिच्या बांधाला येऊन टेकलं होतं. नगरपालिकेला पुढची जमीन हद्दीत घ्यायची होती, पण मालकाच्या संमतीशिवाय घेता येत नव्हती, आणि मधली पट्टी सोडून हद्दीला उडीही मारता येत नव्हती. धाकट्याने आपली सही कधीच देऊन टाकली होती. पोरी लग्न होऊन लांब गेलेल्या, गुडघे कुरकुरायला लागलेले. त्याला शेताचे प्लॉट पाडून मोकळं व्हायचं होतं. थोरलीचं नेमकं उलट. शहराच्या हद्दीत गोठा चालत नाही. सही केली की म्हशी विकायच्या, आणि म्हशींवाचून दिवस कसा घालवायचा हे त्या बाईला ठाऊकच नव्हतं.

"तुमच्या म्हशींपायी मी जन्मभर चिखल तुडवू का?"

"तुडवू नका. पण माझ्या गळ्यात दावं घालून मला शहरात ओढू नका."

"आज शेवटची सुनावणी आहे. या तिथं. सगळ्यांसमोर विचारतो."

"येते की. मी काय घाबरते होय?"

घाबरली तर होतीच. शेजाऱ्यांच्या नळावरून चार घागरी आणून तिने म्हशींपुढे ठेवल्या, हातपाय धुतले आणि निघाली. वाटभर मनातल्या मनात बोलायचं घोकत होती.

नगरपालिकेच्या खोलीत पंखा होता, वारा नव्हता. बाकावर माणसं दाटीवाटीने बसलेली. नंबर आला तसा धाकटा पुढे सरसावला.

"साहेब, ही माझी वहिनी. रस्त्याकडच्या पट्टीची सही हीच अडवून बसलीय."

कारकुनाने कागद चाळले. "त्या पट्टीची संमती आलेली आहे."

थोरलीच्या पायाखालची जमीनच सरकली. "मी नाही दिली! माझ्या नावाने कुणी सही केली?"

"तुमच्या नावाने कशाला? मालकाने केलीय." कारकुनाने चष्म्यावरून धाकट्याकडे बघितलं. "हेच ना मालक?"

धाकट्याने कागद आपल्याकडे ओढून घेतला.

गोष्ट जुनी, पण दोघांनाही पक्की माहीत होती. वाटणीत रस्त्याकडचा खडक धाकट्याला आला होता आणि मागचं काळंभोर रान थोरल्याला. धाकट्याचा संसार नवा, खडकात काही उगवेना. तेव्हा थोरल्याने स्वतःचं रान त्याला देऊन खडक आपल्याकडे घेतला. बांधावर उभ्या उभ्या बोलणं झालं. भावाभावांत कागद कशाला, असं दोघंही म्हणाले. सरकारदरबारी नावं होती तिथेच राहिली, हे मात्र कुणाच्या ध्यानात उरलं नव्हतं. आणि सही करताना या शहाण्याने घरातल्या जुन्या शेतसाऱ्याच्या पावतीवरचा, म्हणजे पट्टीचाच, नंबर लिहून दिला होता.

"मग मागचं शेत?" धाकट्याने विचारलं.

"ते यांच्या नवऱ्याचं, म्हणजे आता यांचं. त्याला संमती नाही, ते राहील बाहेर. तुमची पट्टी आत घेतो. काही बदलायचं असेल तर जेवणाच्या सुट्टीआधी सांगा. नंतर शिक्का पडेल."

दोघं व्हरांड्यात आले.

"वहिनी, मागच्याची सही देऊन टाका. ते माझंच आहे, तुम्हाला माहीत आहे."

"आणि पट्टी माझी आहे, हे तुम्हाला माहीत नाही?"

खरं सांगायचं तर तिला मोह झाला. काळं रान, भरलेली विहीर, सगळं आयतं हातात आलेलं. दोन दिवस जनावरं तहानेने मारणाऱ्या माणसाची कीव कशाला करायची? तिने पदर खोचला.

"आधी जाऊबाईंना फोन करा, पाणी सोडायला सांगा."

त्याने मुकाट्याने फोन केला.

"आता ऐका. तुमची सही मागे घ्या, म्हणजे नवऱ्याने दिलेला शब्द मी पाळते. नाहीतर आज संध्याकाळी म्हशी विहिरीवर नेऊन बांधते. रान माझं, विहीर माझी. तुम्ही या खडकावर राहायला, पाडा प्लॉट."

"वहिनी, अख्खी जवानी घातलीय मी त्या रानात!"

"वीट आला होता ना त्याचा?"

धाकट्याने डोळे पुसले. तो आत गेला, अर्जावर आडवी रेघ मारून सही करून आला. मागून कारकुनाचा आवाज आला, "पुढच्या वेळी घरी ठरवून या!"

पायऱ्या उतरताना तो म्हणाला, "अदलाबदल आता कागदावर करून घेऊ, वहिनी."

"घेऊ की."

चार पायऱ्या गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. "पण मग पट्टी कायमची तुमची. तुम्ही सही देणार नाही, आणि मी मागे कोंडलेलाच राहणार."

"हो."

"आणि अदलाबदल नाही केली तर?"

"तर शेत माझं."

तो तिथेच पायरीवर बसला. गुडघे धरून, म्हातारा झाल्यासारखा. थोरलीला वाईट वाटलं. ती नवी नवरी असताना हाच दीर तिच्या ताटातली भाकरी पळवायचा. पण वाईट वाटलं म्हणून ती विरघळली नाही.

"उठा भाऊजी. नावं बदलून देतात ती खोली मागच्या बाजूला आहे. मघाशी तुम्ही आत रेघ मारत होता तेव्हा मी विचारून आले."

तो उठेना, तेव्हा तिने हात पुढे केला.