धुण्याच्या खोलीतली म्हातारी

माझ्या भुताला जीव एकच. बॅटरीचा एक झोत अंगावर पडला की खलास. माझ्या नणंदेच्या भुताला जीव दोनशे, शिवाय ते येताना वाजायला वेगळं संगीत.

आम्ही दोघी एकाच कंपनीत कामाला आहोत. टायरच्या दुकानाच्या वर दोन खोल्या, त्यांत आठ माणसं बसून मोबाइलवरचा एक गेम करतात, भुतांच्या बंगल्याचा. खेळणाऱ्याने तळमजल्यावरून आत शिरायचं, बॅटरीच्या उजेडाने भुतं मारत वरच्या मजल्यावर पोचायचं, तिथे बिनचेहऱ्याची मालकीण त्याची वाट बघत असते. ही मालकीण नणंदेने केलेली, तिला रूपंही दोन. तळमजल्यावर धुण्याच्या खोलीत एक म्हातारी आहे, ती माझी. आता गंमत बघा, नणंदेसाठी साहेबांकडे शब्द टाकला तो मीच. दोन वर्षांत बाईसाहेब वरच्या मजल्यावर गेल्या आणि मी आपली धुण्यापाशीच.

घरीही तेच. सासूबाईंना गेममधलं ओ की ठो कळत नाही, पण जेवताना हटकून विचारणार, "मालकिणीचं कुठवर आलं गं?" नवऱ्याने तर बहिणीच्या त्या मालकिणीचं चित्र फोनच्या पडद्यावर लावून ठेवलं आहे. माझ्या म्हातारीची चौकशी या घरात एकदाही झालेली नाही. मी जळते. उगाच आडपडदा कशाला, जळतेच.

त्या म्हातारीची चाल माझ्या आईची आहे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आई शेवटचे काही महिने आमच्याकडे होती. एका रविवारी ती बोळातून न्हाणीघराकडे जात असताना मी फोनवर तिचा व्हिडिओ घेतला होता. डावा हात भिंतीवरून सरकवत, उजवा पाय थोडा ओढत, आणि चार पावलं झाली की थांबून चष्मा वर करायचा. ती गेल्यावर मी तो समोर लावून पाऊल न् पाऊल म्हातारीच्या अंगात उतरवलं. पाच आठवडे घातले त्यात. आणि खेळणारे तिला दुसऱ्या पावलालाच मारून मोकळे होतात. चष्म्याकडे जाणारा तिचा हात आजवर कुणी पाहिलेलाच नाही.

सोमवारी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. म्हणाले, "गेम जड झालाय, साध्या फोनवर अडकतो. एक भूत काढावं लागेल. गुरुवारी बाहेरची माणसं खेळून बघतील. जे कुणाच्या लक्षात राहणार नाही, ते जाईल." माझ्याकडे बघायचं सगळ्यांनी टाळलं. म्हणजे आई जाणार होती, आणि तिच्या जागेवर मालकिणीचा झगा आणखी झुळझुळणार होता.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले. नणंदेचा कॉम्प्युटर उघडाच होता. आमच्याकडे गेममध्ये तिळाएवढा बदल केला, तरी तो कुणाच्या कॉम्प्युटरवरून झाला याची नावानिशी नोंद राहते. मला त्या वेळी ते सुचलं नाही, असं मी म्हणणार नाही. मी तिच्या खुर्चीत बसले, म्हातारीच्या जीवापुढचा एक खोडून तिथे साठ टाकले, आणि खाली जाऊन तिच्याच शेजारी बसून डबा खाल्ला.

दुपारी सहा जण खेळायला बसले. त्यांचा खेळ आम्हाला मागच्या मोठ्या पडद्यावर दिसत होता. सहाही जण धुण्याच्या खोलीत अडकले. झोतावर झोत मारताहेत, आणि म्हातारी आपली भिंतीला धरून येतेच आहे. चार पावलं, चष्मा, पुन्हा चार पावलं. वरच्या मजल्यावर एकही जण पोचला नाही. मला इतकं बरं वाटलं, की हसू दिसू नये म्हणून मी पाणी प्यायला बाहेर गेले.

परत आले तर साहेब खेळणाऱ्यांचे कागद वाचत होते. म्हातारी सगळ्यांच्या लक्षात राहिली होती, पण शिव्या घालून. 'डोक्याला ताप, काढा तिला,' असं पाच जणांनी लिहिलं होतं, सहाव्याने नुसतीच फुली मारली होती. "म्हातारी जाणार," साहेब म्हणाले. "आणि हे साठ कुणी केले?" त्यांनी नोंद उघडली. नणंदेचं नाव.

तिने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरचे कागद सारखे करत होते.

"मीच केले," ती म्हणाली. "साठ फार झाले, चुकलंच. पण साहेब, तिची चाल बघा ना. एका जीवात ती कुणाला दिसतच नाही. वहिनीच्या आई अशाच चालायच्या. तिला तीन जीव द्या. जागा कमी पडत असेल तर माझ्या मालकिणीचं दुसरं रूप काढा."

साहेबांनी धुण्याची खोली पडद्यावर पुन्हा लावली. म्हातारी भिंतीला धरून आली, थांबली, चष्मा वर केला. "राहू दे हिला," ते म्हणाले, आणि नणंदेला म्हणाले, "न विचारता हात लावलास. टीम तुझ्या हातात द्यायची होती, ते आता वर्षभर विसर."

जिना उतरताना मी विचारलं, "तुला कसं कळलं?"

"तू ऑफिसात असायचीस तेव्हा तुझ्या आईंना न्हाणीत मीच न्यायचे की," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी ओळखली."

साठांबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. मी तिचे हात धरायला हवे होते. उलट मनात आलं, माझी आईसुद्धा हिने माझ्या एकटीची राहू दिली नाही.

रात्री जेवायला बसलो. सासूबाई माझ्याकडे वळल्या. "हिने आज ऑफिसात काही घोळ घातला म्हणे. म्हणते, वहिनी होती म्हणून निभावलं. खरं का गं?"

नणंद खाली मान घालून जेवत होती. नवरा माझ्याकडे बघत होता, फोन बाजूला ठेवून.

"हो," मी म्हटलं. "साहेबांशी मी बोलले."

"तू आहेस म्हणून मला हिचा घोर नाही बघ," सासूबाई म्हणाल्या. सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनी भाजी आधी मला वाढली, आणि मी ताट पुढे केलं.