माझ्या मापाचा बोल्ट

मित्रांनो, मी एक बोल्ट आहे. जुना, आणि आता तुटकाही. देह अंगठ्याएवढा, पण इंदूरजवळच्या हातोद गावच्या अप्पासाहेबांचा विलायती ट्रॅक्टर बत्तीस वर्षे माझ्या भरवशावर वळत होता. स्टिअरिंगचा दांडा पुढच्या चाकाशी मीच जोडून ठेवत असे.

माझा जन्म इंदूरच्या एका कापड गिरणीत झाला. ट्रॅक्टरचा मूळ बोल्ट तुटला आणि तसला दुसरा बाजारात मिळेना. माप इंचातले, तेही अधलेमधले, आणि आटे फार बारीक. तेव्हा गिरणीच्या वर्कशॉपमधल्या बाळकृष्ण नावाच्या तरुण टर्नरने मला लेथवर घडवले.

१९९४ च्या दिवाळीनंतर माझी मान तुटली. गव्हाची पेरणी तोंडावर होती. अप्पासाहेबांचे गुडघे गेलेले. शाळेत शिकवून उरलेल्या वेळात ट्रॅक्टर चालवायची ती त्यांची मुलगी चारुलता. मला रुमालात बांधून तिने इंदूर गाठले.

सियागंजच्या लोखंडी सामानाच्या बाजारातली आठ दुकाने आम्ही पालथी घातली. "ताई, अब सब मिलीमीटर में आता है," जो तो म्हणे. नवव्याने मात्र साधारण माझ्याएवढा एक बोल्ट काढून दिला. "उन्नीस-बीस का फर्क है. ठोक दो, बैठ जाएगा."

त्याचे आणि माझे आटे जुळत नव्हते. मला ओरडून सांगावेसे वाटले, पण बोल्टला कुठले तोंड? तिने तो घेतला. तरी मन मानेना, म्हणून पत्ता विचारत विचारत ती परदेशीपुऱ्यात बाळकृष्णकाकांकडे आली.

गिरणी बंद पडली होती. काका ओट्यावर बसून लोकांचे स्टोव्ह दुरुस्त करत होते. माझ्या आट्यांवरून त्यांनी नख फिरवले.

"अरे, हा तर माझ्या हातचा!"

"काका, दुसरा करून द्याल?"

"करेन की. पण लेथ गिरणीत आहे आणि गिरणीला सील आहे. चार दिवस दे, कुठे जमतं का बघतो. आणि तो मिलीमीटरवाला अजिबात बसवू नकोस हं. भोकातले आटे गेले, तर मग माझ्याच्यानंही काही होणार नाही."

नमुना म्हणून मी काकांकडेच राहिलो. त्यांच्या खिशात बसून मी कारखान्यांच्या पायऱ्या चढलो. "चाचा, एक बोल्ट के लिए मशीन कौन रोकेगा?" असे दोघांनी तोंडावर सांगितले. तिसऱ्याने शनिवारी, कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीला, लेथ वापरू दिली. काकांच्या हाताची सवय मोडली होती. पहिला बोल्ट बिघडला. दुसरा मात्र हुबेहूब माझ्यासारखा उतरला. काकांनी तो सदऱ्याला पुन्हा पुन्हा पुसला.

रविवारी सकाळच्या बसने आम्ही हातोदला आलो. अंगणात अप्पासाहेब खुशीत होते.

"बाळकृष्ण, उगाच त्रास घेतलास! मी कालच बसवला. घन घातले चार, बसला बघ!"

चारुलता दारात उभी होती. "मी शाळेत गेले होते, काका. तो बसवू नका, असं बाबांना सांगून गेले होते मी," ती हळूच म्हणाली.

काकांनी तो ठोकलेला बोल्ट कसाबसा बाहेर काढला. त्याच्याबरोबर लोखंडाचा चुरा गळला. मग त्यांनी आपला नवा बोल्ट भोकात घातला आणि पाना फिरवला. तो फिरतच राहिला. धरेना.

"काहीतरी कर ना," अप्पासाहेब म्हणाले.

"भोक मोठं केलं तर भोकाभोवतीचा हा पातळ कान फुटेल, अप्पासाहेब. आणि हा पार्ट आता कुठे मिळतो?"

अप्पासाहेबांनी ट्रॅक्टरच्या चाकावर हात टेकला. "मला वाटलं, चारू दमून येते. आल्यावर तिला आयता तयार मिळेल."

चारुलता चहा ठेवायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. त्या वर्षी पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने झाली. आमचा ट्रॅक्टर पुन्हा अंगणाबाहेर पडला नाही.

आता आम्ही दोघे एका पत्र्याच्या डब्यात आहोत. मी निदान बत्तीस वर्षे राबलो. माझ्या शेजारचा अजून चकचकीत आहे. अगदी बरोबर मापाचा, आणि एक दिवसही कामाला न लागलेला. त्याची समजूत कशी घालावी, मला कळत नाही.

मित्रांनो, एवढेच मागणे आहे. एखादी वस्तू बसत नसेल, तर घन उचलण्याआधी थोडे थांबा. तिचे माप जाणणारा माणूस कदाचित तुमच्याकडे यायला निघालाही असेल.